पकडीची वाटणी

दीड किलो वजनाची, हातभरही लांब नसलेली रेडिओवर चालणारी शर्यतीची बग्गी मातीच्या वळणात शिरते, तेव्हा तिचं सारं भवितव्य चार टायर जमिनीला टेकतात त्या चार इवल्याशा जागांवर अवलंबून असतं. मोटर कितीही ताकदवान असो, चाकं वळवणारा सर्व्हो कितीही चपळ असो, त्यांचा जमिनीशी संबंध येतो तो एवढ्याच जागांतून. तिथे पकड सुटली की दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर पुढची चाकं पूर्ण वळलेली असूनही गाडी नाकासमोर जात राहते आणि ट्रॅकच्या कडेच्या पाइपावर जाऊन आदळते. नाही तर मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडाने उभी राहते. म्हणूनच या छंदातल्या प्रत्येकाच्या दोन मागण्या असतात. गाडी अजून वळली पाहिजे आणि मागून सुटता कामा नये. दोन्ही मागण्या रास्त आहेत, पण एकीला दिलेलं बहुतेक वेळा दुसरीकडून काढूनच द्यावं लागतं. माझं म्हणणं असं, की एकूण पकड किती मिळणार हे जमीन आणि टायर ठरवतात. गाडीवरचे बाकी सगळे स्क्रू, स्प्रिंगा आणि कोन त्या पकडीची वाटणी करतात. सेटिंग म्हणजे ही वाटणी शहाणपणाने करणं, आणि ज्याला ती करायची आहे त्याने कशावर पाणी सोडायचं हे आधी ठरवायला हवं.

सुरुवात जमिनीपासूनच करावी लागते. भुसभुशीत, धुळकट मातीवर टायरच्या रबरी खुंट्यांना आत रुतून धरायला काहीतरी लागतं, म्हणून तिथे उंच आणि विरळ खुंट्यांचे टायर चालतात. तीच माती पाणी मारून, दाबून, शेकडो फेऱ्यांनी घोटून चकचकीत झाली की खुंट्या निरुपयोगी ठरतात आणि जवळजवळ गुळगुळीत टायर जास्त धरतात, कारण आता रुतण्यापेक्षा रबराचा पृष्ठभागाशी जास्तीत जास्त संपर्क महत्त्वाचा असतो. गालिच्यावर आणि कृत्रिम गवतावर बारीक टोकांचे टायर लागतात. त्यात रबर मऊ की कडक, आतला फोम भरीव की पोकळसर, याने गणित आणखी बदलतं. मऊ रबर चांगलं धरतं, पण तापलेल्या ट्रॅकवर लवकर झिजतं आणि जास्तच मऊ असेल तर वळणात टायरची कड मुडपते. या टप्प्यावर चूक झाली, तर पुढे कितीही नाजूक जुळवाजुळव केली तरी भांडवलच अपुरं पडतं. चुकीच्या टायरवर स्प्रिंग बदलत बसणारा माणूस नसलेली पकड वाटायला निघालेला असतो.

आता वाटणी होते कशी ते पाहू. एक साधं गणित घ्या. गाडी दीड किलोची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 4 सेंटिमीटर उंच आणि डाव्या-उजव्या टायरांच्या मध्यांतलं अंतर 20 सेंटिमीटर. वळणात तिच्यावर तिच्या वजनाइतकाच आडवा जोर आला, तर आतल्या चाकांवरून गाडीच्या वजनाचा पाचवा हिस्सा, म्हणजे 300 ग्रॅम, बाहेरच्या चाकांवर जातो. उभ्या गाडीत दोन्ही बाजूंवर साडेसातशे ग्रॅम होते. आता बाहेर 1050 आणि आत 450 उरले. या 300 ग्रॅमना स्प्रिंग अडवू शकत नाही. ते ठरतात वजन, वेग, वळणाची त्रिज्या, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधलं अंतर यांवरून. मग स्प्रिंग बदलल्याने गाडीचा स्वभाव का बदलतो? कारण रबराचा एक गुण असा, की त्याच्यावरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे एकाच ॲक्सलच्या दोन टायरांवर भार जितका असमान, तितकी त्या ॲक्सलची एकूण पकड घटते. ते 300 ग्रॅम पुढच्या जोडीने जास्त सोसायचे की मागच्या, एवढंच आपल्या हातात असतं. जी बाजू कडक ती जास्त सोसते आणि पकड गमावते. जी मऊ तिला त्याचा फायदा होतो. पुढची स्प्रिंग मऊ केली की गाडी वळते ती यामुळे, आणि त्याच क्षणी मागची बाजू थोडी हलकी वाटू लागते तीही यामुळेच. गाडीला वळणात कलू न देणाऱ्या अँटी-रोल बारचंही हेच. पुढचा बार जाड केला, की मागच्या बाजूला स्थैर्य मिळतं आणि त्याची किंमत पुढची चाकं मोजतात.

शॉक, म्हणजे धक्के शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर, हातात घेऊन पाहिला तर ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. बोटाएवढ्या सिलिंडरमध्ये सिलिकॉनचं तेल असतं आणि त्यात दीडेक मिलिमीटर व्यासाची भोकं असलेला छोटासा पिस्टन वर-खाली होतो. नेहमीच्या वापरातलं 350 सेंटिस्टोकचं तेल पाण्याच्या सुमारे 350 पट दाट असतं. दांडा सावकाश दाबला तर तेल भोकांतून निमूटपणे वाट काढतं. उडीवरून आदळल्यासारखा झटक्याने दाबला तर तेलाला तेवढी उसंत मिळत नाही आणि शॉक क्षणभर दगडासारखा घट्ट होतो. स्प्रिंग भार कुणी किती सोसायचा ते ठरवते, तर तेल तो भार किती लवकर पोचायचा ते ठरवतं. पुढे दाट तेल घातलं की वळणात शिरताना प्रतिसाद सौम्य होतो, खड्ड्यांत मात्र चाक जमिनीवरून उचललं जाऊ लागतं, आणि उचललेल्या चाकाची पकड शून्य. म्हणजे इथेही वाटणी आहे, फक्त ती गुळगुळीत वळण आणि खडबडीत वळण यांच्यातली. शिवाय तापल्यावर तेल पातळ होतं, म्हणून सकाळच्या गारव्यात नीट बसलेली गाडी भर दुपारी सैल वाटली तर त्यात काहीच गूढ नसतं.

कोनांचीही हीच तऱ्हा. मोटारीचं अलाइनमेंट करून घेताना कॅम्बर, कास्टर आणि टो हे शब्द आपल्या कानावर पडतात. बग्गीवर तेच तीन कोन असतात, फक्त इथे त्यांचा परिणाम एका फेरीत दिसतो. टो पाहा: मागच्या चाकांची तोंडं आत वळवलेली असतात, बहुतेक टू-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना मोटरचा जोर मिळणाऱ्या, बग्ग्यांत प्रत्येकी तीनेक अंशांनी. त्याने ॲक्सिलरेटर दाबताना मागचा भाग सरळ राहतो, पण चाकं सरळ रस्त्यावरही किंचित घासत जातात आणि वेग खातात. पुढच्या कास्टरचा, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याच्या मागे झुकण्याचा, कोन वाढवला तर गाडी सरळ रेषेत शांत होते आणि वळणातून निघताना छान वळते. कमी केला तर वळणात शिरतानाच चटकन तोंड फिरवते. बॅटरी एखाद्या सेंटिमीटरने मागे सरकवली की गाडी ढकलणाऱ्या मागच्या चाकांवर वजन येतं आणि तेवढंच ते वळवणाऱ्या चाकांवरून जातं. मागचं डिफरेन्शियल सैल ठेवलं तर आतलं आणि बाहेरचं चाक आपापल्या गतीने फिरतं आणि गाडी सहज वळते. घट्ट केलं तर दोन्ही चाकं जवळजवळ एकाच गतीने फिरतात आणि गाडी सरळ जायला बघते. या यादीत निव्वळ फायद्याचं एकही बटण सापडत नाही. हाच माझ्या म्हणण्याचा पहिला पुरावा.

दुसरा पुरावा या खेळाच्या इतिहासात आहे, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. टीम असोसिएटेड या अमेरिकी कंपनीने 1984 साली आरसी10 ही सोनेरी ॲल्युमिनियम चेसिसची बग्गी आणली. 1985 साली कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे झालेल्या, या प्रकारच्या गाड्यांच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत टू-व्हील-ड्राइव्ह गटाचं विजेतेपद याच गाडीने मिळवलं. तिची मोटर मागच्या ॲक्सलच्याही मागे होती. सैल, घसरत्या मातीवर ते अगदी योग्य होतं, कारण जी चाकं गाडी ढकलतात त्यांच्यावरच वजन हवं होतं. पुढे ट्रॅक बदलत गेले. माती घट्ट झाली, गालिचे आणि कृत्रिम गवत आलं, मागच्या चाकांना आपोआपच भरपूर पकड मिळू लागली आणि पुढची चाकं उपाशी राहिली. मग मोटर मागच्या ॲक्सलच्या पुढे सरकली. 2014 साली याच कंपनीने बी5 आणि बी5एम या दोन गाड्या सोबतच बाजारात आणल्या, एकीची मोटर मागे, दुसरीची मध्ये. त्याआधी टीएलआर या दुसऱ्या कंपनीची 22 ही बग्गी तर एकाच खोक्यातल्या भागांतून दोन्ही प्रकारे जुळवता येत होती. एखादी रचना नुसतीच श्रेष्ठ असती तर दुसरी विकायची गरज कुणाला पडली असती? प्रश्न जमिनीचा होता, आणि जमीन बदलली की उत्तर उलटं झालं.

तरीही कुणी म्हणेल, की पकड मुळातच जास्त असली म्हणजे वाटणीची एवढी चिंता कशाला? याचं उत्तर गालिच्यावर मिळतं. तिथे टायर इतके घट्ट धरतात की वळणात गाडी घसरण्याऐवजी बाहेरच्या चाकांवरून सरळ पालथी होते. घसरणं हा खरं तर जादा जोर वाहून जाण्याचा मार्ग; तो बंद झाला की जोर गाडीला उलथवतो. अशा ट्रॅकवर जाणते लोक गाडी आणखी खाली बसवतात आणि पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडेला झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा पातळ थर देतात, म्हणजे ती कड कडक होऊन कमी धरेल. पैसे खर्चून घेतलेल्या मऊ टायरची पकड हाताने कमी करणाऱ्या माणसाला वाटणीचं मर्म नेमकं उमगलेलं असतं. त्याला जास्तीत जास्त पकड नको असते; हवी तिथे, हवी तेवढीच हवी असते.

याहून गंभीर आक्षेप चालवणाऱ्याचा आहे. चांगला चालक कुठलीही गाडी पळवतो आणि नवख्याला उत्तम गाडी देऊनही तो पाइपावर आदळतो, मग ही सगळी खटपट कशासाठी? यात तथ्य आहे. नवख्याच्या दोन फेऱ्यांमध्ये जेवढा फरक पडतो, तेवढा फरक कुठल्याच स्प्रिंगने पडत नाही. पण यातून निष्कर्ष निघतो तो सेटिंग सोडून द्यावं असा नाही, नवख्याची वाटणी वेगळी असावी असा निघतो. त्याने पुढची पकड थोडी कमी आणि मागची जास्त ठेवावी. गाडी आळसावलेली वाटेल, पण प्रत्येक वळणात तशीच वागेल, आणि हात शिकतात ते अशा भरवशाच्या गाडीवरच. याच कारणाने विजेत्यांचे सेटिंगचे तक्ते जसेच्या तसे उतरवणंही फसतं. तो तक्ता त्या दिवसाची माती, ते टायर, ते तापमान आणि ते हात यांचा होता. सुरुवातीला तो समोर ठेवावा, अंतिम शब्द मानू नये. आणि गाडी सुटू लागताच स्वतःहून सावरणारी इलेक्ट्रॉनिक मदत लावावी असं म्हणाल, तर बहुतेक अधिकृत स्पर्धांमध्ये ती नियमबाह्य आहे, आणि ते योग्यच आहे.

शेवटचा आक्षेप बाहेरच्यांचा असतो: खेळण्यासाठी एवढं गणित? पण गाडी दशांश आकाराची झाली म्हणून गुरुत्वाकर्षण दशांश होत नाही. आकार दहापट लहान झाला तर गुरुत्वाकर्षणाशी तोच झगडा राखायला वेग दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे 3.16 पटीने कमी व्हायला हवा. त्या हिशेबाने ताशी 50 किलोमीटरने धावणारी ही बग्गी खाचखळग्यांच्या रस्त्यावर ताशी 158 किलोमीटरने जाणाऱ्या मोठ्या गाडीच्या परिस्थितीत असते. भौतिकशास्त्र इथे लुटुपुटीचं नाही, आणि मोठ्या गाडीत अभियंत्यांच्या ताफ्याला जे कळतं ते इथे एका माणसाला एका पान्याने समजून घेता येतं, हे मला या खेळाचं सर्वांत मोठं देणं वाटतं.

म्हणून पुढच्या वेळी गाडी मनासारखी वळली नाही, तर पान्याला हात घालण्याआधी ती नेमकी कुठे चुकते ते पाहा: वळणात शिरताना, मधोमध, की बाहेर पडताना. टायर जमिनीला साजेसे आहेत ना, याची खात्री करा. मग एकच गोष्ट बदला, आठ-दहा फेऱ्या मारा, वेळ लिहा, आणि काय मिळालं याच्या शेजारी काय गेलं तेही लिहा. दुसरा रकाना कोरा राहिला असेल तर निरीक्षण अपुरं आहे असं समजा आणि पुन्हा ट्रॅकवर जा.