दिवसांचा हिशेब

आपल्या भाषेत बाईला 'दिवस जातात'. हा शब्दप्रयोग पहिल्यांदा ज्याने केला, ती बाईच असली पाहिजे. पुरुषाचे दिवस नुसतेच जातात. त्यांतून काही निपजत नाही. पाळी चुकली की मोजणी सुरू होते आणि पुढे सारे हिशेब घालून दिलेले असतात : पाचवी, बारसे, बाळंतिणीचा सव्वा महिना. पण गेलेले दिवस परत केले, तर त्यापुढचे कसे मोजायचे, याची रीत मला कुठे सापडली नाही.

धर्मशास्त्राने हा प्रकार विचारात घेतलेला आहे, नाही असे नाही. चौथ्या महिन्यापर्यंत गेला तर 'स्राव', पाचव्या-सहाव्यात गेला तर 'पात', असा बारकावाही केला आहे. पण त्यातले दिवस अशौचाचे. बाईच्या अंगाचे नव्हेत. बोलीभाषेची तऱ्हा त्याहून निराळी. तिथे पोट 'पडते' किंवा 'पाडतात'. एका कान्याचा फरक, पण त्यावर शेजारीण चहा देणार की नाही हे ठरते. पोटाला मात्र हा कान्याचा फरक कळत नाही. दुखणे दोहोंचे सारखेच.

यंदा वैशाखात मला दिवस गेले. वय एक्केचाळीस, थोरली मुलगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, धाकटा सहावीत. नको हे आम्ही दोघांनी एका रात्रीत ठरवले आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे माझ्याजवळ फारसे नाही. लोकांना नेहमी निर्णयाची गोष्ट ऐकायची असते. निर्णयाला एक रात्र लागली. शरीराला सहा आठवडे लागले. त्यांची गोष्ट कुणी विचारत नाही.

सोनोग्राफीत सात आठवडे निघाले. औषधाने करायचे तर आपल्याकडे नऊ आठवड्यांपर्यंतच. संमतीच्या कागदावर सही माझी एकटीची. अठरा वर्षांवरील बाईच्या बाबतीत कायदा १९७१ सालापासून हेच सांगतो, तरी खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी "मिस्टर कुठायत?" असे विचारलेच. मिस्टर खाली स्कूटर लावीत होते.

पहिली गोळी एकच. गर्भाशयात गर्भ टिकवून धरणारे जे संप्रेरक असते, प्रोजेस्टेरॉन, त्याची पकड ती सोडवते. फ्रान्सात ती १९८८ साली मान्य झाली, आपल्याकडे २००२ साली. ती घेऊन मी घरी आले आणि संध्याकाळी पोळ्या केल्या; काहीच झाले नाही. दीड दिवसानंतरच्या चार गोळ्या गालात धरून विरघळू द्यायच्या होत्या. मुळात त्या पोटातल्या अल्सरसाठी निघाल्या, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितले तेव्हा मला उगीचच त्या ओळखीच्या वाटल्या. तासाभरात हुडहुडी भरली. मग कळा. त्या पाळीच्या नव्हेत, बाळंतपणाच्याच सख्ख्या बहिणी. पुढचे चार-पाच तास मी न्हाणीघर आणि पलंग यांच्यामध्ये होते. रात्री अकराच्या सुमारास एक मोठी गाठ गेली आणि कळा एकदम ओसरल्या, नळ बंद करावा तशा.

सासूबाईंना सांगायचे नाही असे आमचे ठरले होते. पण भर वैशाखात गरम पाण्याची पिशवी पोटाशी घेऊन पडलेली बाई काय लपवणार? दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात उभ्या राहिल्या.

"किती दिवसांचं होतं?"

मी सांगितले. त्या आत गेल्या आणि आळिवाची खीर घेऊन आल्या. "हे अर्धं बाळंतपण असतं. आठ दिवस बादली उचलायची नाही," एवढेच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी फोडणीचा वास पुन्हा सोसवू लागला. छातीचा ठणका जायला आठवडा गेला. अंगावरून जाणे पाचव्या दिवशी कमी झाले, नवव्या दिवशी जवळजवळ थांबले आणि अकराव्या दिवशी, मी जरा जास्त हिंडल्यावर, पुन्हा सुरू झाले. रंग लाल, मग गेरूसारखा, मग चहाच्या चोथ्यासारखा, मध्येच पुन्हा लाल. नऊ ते सोळा दिवस हे नेहमीचे, काहींना थेंब थेंब महिनाभर, असे मला सांगितलेले होते. भ्यायचे कशाला तेही सांगितलेले होते : लागोपाठ दोन तास, तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले, तर, गोळ्यांचा दिवस उलटल्यावर ताप आला, तर, घाण वास आला, तर. हे तिन्ही 'तर' मी वहीत लिहून ठेवले होते. वहीचा आधार डॉक्टरपेक्षा जास्त वाटतो, कारण ती रात्री दोन वाजता उघडते.

आठव्या दिवशी सासूबाईंनी मला तीन वेळा थर्मामीटर लावायला लावला. सकाळी, दुपारी आणि निजताना. ताप नव्हता. मी हसले. त्या हसल्या नाहीत. नवव्या दिवशी लसूण सोलता सोलता त्यांनी आपल्या काकूची गोष्ट सांगितली. साल १९६७. काकूला पाचव्या खेपेचे दिवस होते. गावातल्या एका बाईने चित्रकाची मुळी घालून दिली. सात दिवस काकू विहिरीवर पाणी भरीत होती. आठव्या दिवशी ताप चढला, दहाव्या दिवशी गेली. "विहिरीच्या पायरीवरून पडली, असं सांगितलं सगळ्यांना. मी चौदा वर्षांची. तिची लुगडी मीच धुतली होती, म्हणून मला ठाऊक."

मी नंतर तारखा लावून पाहिल्या. गर्भपाताचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचा अहवाल १९६६ सालचा. तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. कायदा झाला १९७१ साली, अमलात आला १ एप्रिल १९७२ रोजी. काकू अहवाल आणि कायदा यांच्या मधल्या वर्षांत गेली.

पंधराव्या दिवशी तपासणी झाली. पिशवी मोकळी होती. त्या भेटीतली एक गोष्ट प्रत्येक बाईला ठाऊक असावी असे मला वाटते : पुढची पाळी येण्याआधीच, आठ-दहा दिवसांतही, स्त्रीबीज सुटू शकते. म्हणजे पाळी येऊ दे, मग बघू, असे म्हणून चालत नाही. आणखी एक. लघवीच्या पट्टीवर चार आठवड्यांपर्यंत दोन रेषा उमटू शकतात, कारण गर्भाचे संप्रेरक रक्तातून सावकाश उतरते. शरीराला बातमी उशिरा कळते म्हणा ना.

मग वाट पाहणे. जिचा मी तीस वर्षे कंटाळा केला, त्या पाळीची. साधारण चार ते आठ आठवडे लागतात. मुलीच्या मोबाइलमध्ये पाळीचा हिशेब ठेवणारे ॲप आहे. तिने हौसेने माझेही नाव त्यात घातले होते. ते रोज गुलाबी अक्षरांत 'उशीर' दाखवी. त्यात या महिन्यासाठी रकानाच नव्हता. त्या दिवसांत मला कधी वरण ढवळताना रडू येई, कधी नाही. दुःख होते का? होते थोडे. सुटकाही होती, आणि ती जास्त होती. दोन्ही एकाच भांड्यात राहू शकतात. रडण्यातले संप्रेरकांचे किती आणि माझे किती, हे मी वेगळे काढत बसले नाही.

वटपौर्णिमा येऊन गेली. सासूबाईंनी वडाला जायचा विषय काढला नाही, मीही नाही.

सदतिसाव्या दिवशी पाळी आली. बाहेर पावसाची झड होती. पहिली पाळी जोराची येऊ शकते हे ठाऊक होते, तरी ती सात दिवस राहिली, गाठी पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी पॅड मोजत घड्याळाकडे पाहत होते. वहीतल्या 'तर'पर्यंत प्रकरण गेले नाही. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन नऊ निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांवर लगेच चहा घ्यायचा नाही, ही खरी शिक्षा.

त्यापुढची पाळी तिसाव्या दिवशी आली आणि शहाण्यासारखी चार दिवसांत गेली. आषाढ संपत आला होता, सासूबाई गावी गेल्या होत्या. मी फोनवर सांगितले.

"बरं," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "ताप नाही ना?"

"नाही."

"गोळ्या अजून दोन महिने घे. आणि चहा?"

"तासाभराने घेते."

"दोन तासांनी घे," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.