तिचा प्रश्न

मेलबर्नच्या आग्नेयेस डँडेनाँग हे उपनगर आहे. तेथील बाजार १८६६ पासून भरत आला आहे. आज त्या परिसरात अफगाणिस्तान, श्रीलंका, व्हिएतनाम अशा अनेक देशांतून आलेली कुटुंबे राहतात. ऑस्ट्रेलियात स्थायिक होणाऱ्या प्रौढांना शासनातर्फे विनामूल्य इंग्रजी शिकविण्याची योजना १९४८ पासून चालू आहे. अशाच एका वर्गात मी आठवड्यातून एक दिवस स्वयंसेवक म्हणून जाते.

वर्गात आमच्या विद्यार्थिनी भाव विचारीत, सुटे पैसे मागत, आभार मानीत. रस्त्यावर मात्र तीच वाक्ये ओठांशी येऊन थांबत. म्हणून मुख्य शिक्षिकेने महिन्यातून एकदा वर्ग बाहेर नेण्याचे ठरविले. पहिली फेरी बाजाराची होती. प्रत्येकीने एक वस्तू स्वतः विचारून विकत घ्यायची, एवढाच नियम. पहिला भाजीवालाच काबूलचा निघाला आणि त्याने आमच्या अफगाण भगिनींशी फारसीतच गप्पा सुरू केल्या, तेव्हा सगळ्या जणी खळखळून हसल्या.

त्यांच्यातील चाळिशीच्या एक बाई पुढे सुट्या जेलीच्या गोळ्यांपाशी थांबल्या. गोळ्या मुलांसाठी हव्या होत्या. पण जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेले जिलेटिन त्यांत आहे काय, हे आधी विचारायचे होते. ते वाक्य आम्ही वर्गात अनेकदा घोकले होते. त्या ‘एक्स्क्यूज मी’ म्हणाल्या आणि अडखळल्या. मागे रांग वाढू लागली. विक्रेत्याने माझ्याकडे पाहिले. मला राहवले नाही. एका दमात मीच विचारून टाकले. ‘आहे’ असे उत्तर मिळाले आणि आम्ही रिकाम्या हाताने निघालो.

परतताना त्या हळूच म्हणाल्या, “टीचर, यू आस्क. आय नॉट आस्क.” स्वरात राग नव्हता, तरी ते शब्द मला लागले.

कारण तो प्रश्न एके काळी माझाही होता. लग्नानंतर या देशात आले, तेव्हा प्रत्येक पाकिटावर तीच शंका असे. माझे पती माझ्या वतीने विचारीत आणि मी पिशवी धरून मागे उभी राहत असे. त्यांच्या मनात केवळ काळजी होती. परंतु त्या काळजीने मला दोन वर्षे मुके ठेवले. एके दिवशी ते कामावर असताना मी स्वतः विचारले. त्या दिवशी हे गाव मला प्रथमच थोडे आपले वाटले.

सांगलीजवळच्या गावी माझ्या वडिलांचे कापडाचे दुकान होते. खेड्यातून प्रथमच आलेले गिऱ्हाईक बोलताना घुटमळे. आम्ही मुले मध्येच त्याचे वाक्य पुरे करीत असू. वडील डोळ्यांनी दटावीत आणि नंतर सांगत, “त्याला काय हवं ते त्याच्याच तोंडून येऊ दे. आपल्याला घाई कसली?” पाठशाळेत मी भाषा समिती शिकले होते. हितकर बोलावे, मोजके बोलावे, एवढाच तिचा अर्थ मी धरून बसले होते. दुसऱ्याच्या वाट्याचे बोलणे आपण बोलू नये, हेही त्या संयमात येते, असे मला आता वाटते.

पुढे पुन्हा बाजाराची फेरी आली, तेव्हा मी जाणूनबुजून चार पावले मागे, कांद्याच्या ढिगाजवळ उभी राहिले. बाईंनी विचारले. विक्रेत्याला कळले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले; मी कांदे निवडत राहिले. मग त्यांनी बोटाने गोळ्या दाखवीत पुन्हा विचारले, या वेळी अधिक मोठ्याने. त्याने मान हलवून शेजारचा डबा पुढे केला.

त्या पाव किलो गोळ्या घेऊन आल्या आणि एक माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, “नो जेलटिन, टीचर. आय आस्क.”