आमदार साहेब, यादीत काय लिहिणार?

अधिवेशन जवळ आलं की आमच्या मतदारसंघात एक ठरलेला प्रकार सुरू होतो. आमदारांच्या संपर्क कार्यालयातून फोन येतो, "साहेब नागपूरला निघण्याआधी सगळ्यांच्या मागण्या ऐकून घेणार आहेत, तुम्ही पोरं या." मग आम्ही जातो. चहा होतो. आम्ही कागद देतो, पीए तो फाईलला लावतो आणि साहेब म्हणतात, "बघतो, नक्की मांडतो." गेली कित्येक वर्षं हे असंच चाललं आहे. आमदार बदलले, पक्ष बदलले, फाईलचा रंगही बदलला असेल. आमच्या कागदावरचा मजकूर मात्र फारसा बदलला नाही, आणि त्याचा दोष आमदारांवर ढकलून आम्हाला मोकळं होता येणार नाही.

यंदा जाण्यापूर्वी आम्ही आमचेच जुने कागद काढून वाचले. समाजमंदिराला वाढीव निधी. वस्तीच्या तोंडाशी कमान. पुतळ्याभोवती ग्रील आणि फरशी. विहाराला संरक्षक भिंत. जयंतीला मंडप आणि साऊंडसाठी मदत. हायमास्ट. एका कागदावर तर हायमास्ट दोनदा लिहिलेला होता. यातलं काहीच वाईट नाही. कमानीखालून जाताना आमचीही मान ताठ होते. पण ही कामं स्थानिक विकास निधीतून, नगरपालिकेतून, फार तर पालकमंत्र्यांच्या एका सहीने होतात. त्यासाठी विधानसभा लागत नाही. २८८ जणांच्या सभागृहात अनुसूचित जातीसाठी राखीव २९ जागा आहेत. त्यातल्या एका जागेवर बसलेल्या माणसाकडे आम्ही विधानसभेचं काम मागितलंच नव्हतं. कंत्राटदाराचं काम मागितलं, आणि ते त्यांनी आनंदाने केलं.

बाबासाहेब १९२७ च्या फेब्रुवारीत मुंबई विधिमंडळात पोहोचले आणि काही दिवसांतच अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. त्यांनी मागितलं काय? त्यांनी सरकारच्या उत्पन्नाची उलटतपासणी केली. उत्पन्न कमी असेल तर आयकर माफ होतो, मग दोन बिघ्यांच्या शेतकऱ्याकडून शेतसारा का घेता, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. त्याची इतकी मोडतोड झाली की शेवटी ते मागे घ्यावं लागलं. १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं, तेही त्या सभागृहात मंजूर झालं नाही. पण १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले ते त्याच प्रश्नावर. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, वतनं १९५८ च्या कायद्याने. आमच्या आजोबांच्या पिढीने ती वतनं जाताना पाहिली. ज्या विधेयकाने सुरुवात झाली ते तीस वर्षांपूर्वी मागे घेतलेलं होतं.

हे सगळं आम्ही आमदारांना सांगितलं, भाषणासारखं नाही, पण सांगितलं. ते आमच्याच समाजातले आहेत, त्यांना हे माहीत आहे. ते हसले आणि म्हणाले, "दादा, बाबासाहेब बाबासाहेब होते. मला सगळ्या गावाची मतं घ्यावी लागतात."

या वाक्यावर आम्ही गप्प झालो, कारण ते खोटं नव्हतं. २४ सप्टेंबर १९३२ ला पुण्यात जो करार झाला, त्याने राखीव जागा वाढल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेला. तेव्हापासून आमचा माणूस निवडायला आमची मतं पुरत नाहीत. कांशीरामजींनी १९८२ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आम्हीही तरुणपणी त्यातला तो एकच शब्द उचलून सगळ्यांना लावत सुटलो. आता वाटतं, शिवी देऊन प्रश्न सुटत नाही. या माणसाला पुढच्या निवडणुकीत गावच्या पाटलाचं मत लागणार आहे आणि आमचंही. मग पाटलाची नाराजी ओढवून न घेता करता येईल असं काय आहे आणि नाराजी पत्करूनच करावं लागेल असं काय आहे, हे आम्ही निदान वेगळं करून ठेवावं. म्हणून यावेळी आम्ही मागण्यांचा कागद नेला नव्हता. प्रश्नांचा मसुदा नेला होता.

पहिला प्रश्न पैशाचा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के आहे आणि त्या प्रमाणात नियोजनातला पैसा वेगळा काढायचा, हे तत्त्व १९७९-८० पासून चालत आलेलं आहे. विशेष घटक योजना, अनुसूचित जाती उपयोजना, नाव काहीही असो. पण आपल्या राज्यात या तत्त्वामागे कायदा नाही. कायदा नाही म्हणून पैसा कागदावर येतो आणि कागदावरूनच निघून जातो. २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी लाडकी बहीण योजनेसाठी वळवल्याचं उघड झालं, तेव्हा खुद्द खात्याच्या मंत्र्यांनीच नाराजी बोलून दाखवली होती.

इथे आमच्यातल्याच काही जणांना अडचण वाटली. दीड हजार रुपये आमच्याही आयांच्या खात्यात येतात आणि त्या पैशातून गॅस येतो, गोळ्या येतात, हे आम्हाला दिसतं. आमचा वाद त्या दीड हजाराशी नाही. सरकारचं म्हणणं असं की लाभार्थ्यांत अनुसूचित जातीच्या बहिणी आहेत, म्हणून त्यांच्या वाट्याचा खर्च त्यांच्या निधीतून. नीट बघा यात काय होतं. पाटलाच्या सुनेला जे पैसे राज्याची नागरिक म्हणून मिळतात, ते आमच्या आईला तिच्याच मुलाच्या वसतिगृहाच्या पैशातून मिळतात. एकीला सरकार देतं आणि दुसरीला तिच्याच दुसऱ्या खिशातून काढून पहिल्या खिशात घालतं. मग विशेष तरतूद विशेष राहिली कुठे?

हीच पळवाट कर्नाटकच्या कायद्यात होती. त्यांनी २०१३ मध्ये उपयोजनेचा कायदा केला, पण त्यात कलम ७ (ड) असं ठेवलं की सर्वांसाठीच्या कामातला काही भाग दलितांवर झालेला खर्च समजता येईल. रस्ता झाला, त्यावरून दलितही जातात, झाला हिशोब. दहा वर्षं भांडून ते कलम २०२३ मध्ये काढावं लागलं. आंध्रने २०१३ मध्येच कायदा केला. तेलंगणाने २०१७ मध्ये केला आणि त्यात न खर्चलेला निधी पुढच्या वर्षी भरून देण्याची तरतूद ठेवली. म्हणजे नमुने समोर आहेत, चुकाही समोर आहेत. आम्ही आमदारांना म्हटलं, अशासकीय विधेयक आणा. ते म्हणाले, पडेल. पडू द्या, पण सभागृहाच्या कामकाजात ते छापलं जाईल, आणि पुढच्या वेळी निधी वळवताना कुणीतरी ते काढून दाखवेल. यात पाटील नाराज होण्याचं काही कारणही नाही.

दुसरा प्रश्न विचारताना मात्र आमचा आवाज चढला. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत नियम १६ आहे. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्यस्तरीय दक्षता व नियंत्रण समिती असते आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तिची बैठक व्हायला हवी. जिल्हाधिकाऱ्यांची समिती दर तीन महिन्यांनी. आता गंमत अशी की अनुसूचित जाती-जमातीच्या निवडून आलेल्या आमदार-खासदारांना नियमानेच राज्य समितीत जागा दिलेली आहे. आम्ही विचारलं, "साहेब, तुमच्या समितीची शेवटची बैठक कधी झाली?" साहेबांनी पीएकडे पाहिलं. पीएने डायरी उघडली, चाळली आणि मिटली. "बघून सांगतो," म्हणाला.

आम्ही त्यांना पाडायला गेलो नव्हतो, त्यामुळे तो विषय तिथे ताणला नाही. पण मित्रांनो, हे आमचंही अपयश आहे. घटना घडली की आम्ही मोर्चा काढतो, निवेदन देतो, आणि ज्या समितीने वर्षभर पोलिसांचा हिशोब घ्यायचा ती बसली की नाही हे विचारत नाही. दोषारोपपत्र साठ दिवसांत गेलं का, विशेष न्यायालयात दोन महिन्यांत खटला निकाली निघाला का, नियमाप्रमाणे अर्थसहाय्य टप्प्याटप्प्याने मिळालं का, हे जिल्हानिहाय विचारणारा एक तारांकित प्रश्न शंभर निवेदनांपेक्षा जास्त घाम फोडतो. कारण त्याचं उत्तर मंत्र्याला द्यावं लागतं, आणि मंत्र्यासाठी ते जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याला रात्री बसून तयार करावं लागतं.

परभणीचं उदाहरण अजून ओलं आहे. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या अटकसत्रात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, १५ डिसेंबरला कोठडीत गेला. नागपूरचं अधिवेशन सुरू झालं १६ डिसेंबरला. सभागृहात चर्चा झाली, उत्तरं झाली. पण पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश पुढच्या जुलैत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडून आणावा लागला, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं. एका आईला न्यायालयाची पायरी चढून जे मिळवावं लागलं ते सभागृहाला आपल्या उंबरठ्यावर का देता आलं नाही, हा प्रश्न आम्ही आमदारांना विचारला. ते म्हणाले, त्या दिवशी मी सभागृहात होतो. एवढंच म्हणाले.

शिष्यवृत्तीवर फार बोलावं लागलं नाही, कारण आमच्याबरोबर आलेल्या एका पोराचा टीसी कॉलेजने अडवून ठेवला होता. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही, म्हणून फी बाकी, म्हणून टीसी नाही. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांवर किती वर्षं अडकली आहे, आणि स्वाधारमध्ये पुण्या-मुंबईतल्या मुलाला वर्षाला मिळणाऱ्या साठ हजारांत खोलीचं भाडं तरी निघतं का, हे त्या पोरानेच विचारलं. साहेबांनी कॉलेजला फोन लावतो म्हटलं आणि खरंच लावला. पोराचं काम होईल. जे पोरगं आमच्याबरोबर आलं नव्हतं त्याचं काय, म्हणून प्रश्न लेखी दिला.

आणि शेवटी गायरान. इथे खोलीतली हवा बदलली.

२८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून चालत आलेल्या लढ्याचं ते उशिरा आलेलं फळ. पण पुरावा काय मागतात? गाव नमुना एक-ई मधली नोंद. ती नोंद करायची तलाठ्याने, आणि तलाठी बसतो कुणाच्या ओट्यावर हे सांगायला नको. म्हणून आमच्या म्हाताऱ्यांनी दंडाच्या पावत्या, जनावरं घालून पीक मोडल्याच्या फिर्यादी, पोलीस केसचे कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले. ज्या कागदाने त्यांना गुन्हेगार ठरवलं तोच आज त्यांच्या वहिवाटीचा पुरावा आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितल्या, पण शासकीय अधिसूचनेने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही त्याच निकालात आहे. नोटीस काढताना पहिला भाग वाचतात, दुसरा वाचत नाहीत. आणि आता त्याच गायरानांवर सौर प्रकल्प येत आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच. पण पेटीत पावत्या असलेल्या बाईचा दावा निकाली काढण्याआधी तिच्या पट्टीवर खांब का?

आमचा प्रश्न साधा होता: १९९१ च्या निर्णयाखाली तालुकानिहाय किती दावे आले, किती मंजूर, किती प्रलंबित, आणि दावा प्रलंबित असलेली किती जमीन प्रकल्पांना दिली? साहेबांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "यावर आपण नंतर बसू." चार सरपंच बाहेर ओसरीवर बसले होते.

तर हिशोब असा. उपयोजनेवर आणि शिष्यवृत्तीवर प्रश्न द्यायला ते तयार झाले. दक्षता समितीचा प्रश्न ते स्वतः विचारणार नाहीत, पण बैठकीची मागणी करणारं पत्र मुख्यमंत्र्यांना देतील, आणि त्याची प्रत आम्ही मागून घेतली आहे. गायरानाचा प्रश्न त्यांनी घेतला नाही. प्रश्न विचारायला मतदारसंघाची अट नसते, म्हणून तोच मसुदा आम्ही दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सदस्यांकडे दिला आहे, आणि आमच्या आमदारांना तसं कळवलंही आहे, मागून कानावर जायला नको. ते यावर रागावले की सुटल्यासारखे झाले, ते फोनवर कळलं नाही.

मंत्र्यांनी सभागृहात "करू, तपासू" म्हटलं की ते आश्वासन समितीकडे जाऊ शकतं, आणि तिथे त्याचा पाठपुरावा करता येतो. म्हणून यावेळी नागपूरला मोर्चाबरोबर जाणाऱ्यांपैकी दोघांनी रोजच्या कामकाजाची टिपणं ठेवायची ठरलं आहे. उत्तर काय आलं, कुणी दिलं, मुदत किती सांगितली, एवढंच.

येत्या रविवारी विहारात बसणार आहोत. ज्यांच्या घरी गायरानाच्या पावत्या आहेत त्यांनी झेरॉक्स आणाव्यात, मूळ कागद पेटीतच राहू द्यावा. जयभीम.