टँकर मोजणारी वही

1990च्या आसपास आमच्या वसईत टँकरचं राज्य सुरू झालं. नालासोपारा, विरारकडे इमारती उठत होत्या, पाण्याचा पत्ता नव्हता. ते आमच्या वाड्यांतल्या विहिरींतून जाऊ लागलं. जमीन समुद्रकाठची, वरचं गोडं पाणी बेसुमार उपसलं की खालून मचूळ चढतं. केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. ‘सुवार्ता’चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीबरोबर रस्त्यावर उतरले तेव्हा धीर आला. पण फादर प्रत्येक गावाला थोडेच पुरणार?

आमच्याकडच्या टँकरमालकाची ऊठबस वरपर्यंत. रविवारी मिस्साला पहिल्या बाकावर, सणाच्या वर्गणीत पहिलं नाव त्याचंच. मामलेदार कचेरीत सुनावणी लागली तेव्हा गावाने मला पुढे केलं. मी शाळामास्तर, आणि वही माझ्याकडे. सुट्टीच्या दिवशी नाक्यावर बसून भरलेले टँकर मी टिपायचो: कधी सोळा, कधी अठरा. गाठी मारलेला दोर सोडून विहिरीची पातळीही लिहायचो.

आदल्या रात्री ओट्यावर वाद पेटला. “मास्तर, पन्नास सांगा. रात्रीचे कोणी मोजलेत?” माणसं खोटारडी नव्हती, पोळलेली होती. मी म्हटलं, “शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, हे आपण लहानपणी पाठ केलंय. टँकरवालाही शेजारीच.” एक जण तणतणत उठून गेला.

कचेरीत टँकरमालकाला खुर्ची, आम्ही उभे. “तुम्ही आपल्याच धर्मग्रामातले,” तो हसून म्हणाला, “घरात मिटवलं असतं.” दावीद राजाला त्याचं पाप तोंडावर सांगणारा नाथान संदेष्टा मुलांना शिकवताना सोपा वाटायचा, इथे माझ्या घशाला कोरड पडली. आकडे वाचले.

“आणि रात्रीचे?” त्यानेच विचारलं. फुगवलेला आकडा त्याला हवाच होता.

“रात्री मी मोजले नाहीत. तुम्हाला माहीत असतील, तुम्ही सांगा.”

साहेबांनी कागदातून मान वर काढली आणि उत्तरासाठी त्याच्याकडे पाहिलं. त्याने घड्याळ पाहिलं.

टँकर थांबले नाहीत. दिवसाचे रात्री गेले, एवढंच. रविवारी मिस्सात शांतीचं चिन्ह देताना आम्ही एकमेकांना हात जोडले. मला ते जड गेलं, त्याचं माहीत नाही. महिन्याभरात माझ्या भावाच्या वाडीची वाट कुंपण घालून बंद झाली. कुंपण कोणी घातलं हे मी पाहिलेलं नव्हतं, म्हणून अर्जात नाव घातलं नाही. टेप लावून लांबी तेवढी लिहिली.