आपाची पाठ

भाच्याची पोलो चाकणच्याच कारखान्यातली. वर्षातून एकदा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर पळवायची, म्हणून त्याने कडक, आखूड स्प्रिंगा टाकल्या. शॉकअप जुनेच ठेवले. वळणावर गाडी कमी झुकू लागली, पण तळेगाव-चाकण रस्त्यावर खड्डा मागे पडला तरी उड्या थांबेनात. मागच्या सीटवर माझी आपा, कंबरदुखीसाठी दवाखान्यात निघालेली. तिने सीट घट्ट धरली, बोलली काही नाही.

मिस्त्रीने समजावलं: स्प्रिंग धक्का झेलते, शॉकअप तिचं हेलकावणं आवरतो. एक कडक केली की दुसराही तिच्या जोडीचा हवा. तरी खड्ड्याचा दणका पाठीला बसणारच.

“मामू, मग काय करू?”

“ट्रॅक वर्षातून एकदा, दवाखाना दर महिन्याला.”

त्याने जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या. आपाला यातलं काहीच ठाऊक नाही. ती म्हणते, रस्ता सुधारला.