दोन कुलपं

८ सप्टेंबर २०२५, वाळूज
दीडशे टनी प्रेस पुन्हा उभी. हायड्रॉलिक तेल गळतंय. ब्रेकडाउन स्लिपवर प्रॉडक्शनचा शेरा, 'मेंटेनन्समुळे दोन तास.' खाली माझा, 'पीएमसाठी (ठरलेल्या देखभालीसाठी) मशीन दिली नाही.' दोघांच्या सह्या. तेल गळतच होतं.

९ सप्टेंबर
सील स्टोअरमध्ये नाही. मागणी जूनची.

१३ सप्टेंबर
रात्री टीपीएमची (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) जुनी फाइल उघडली. सुरुवात १९७१, जपानची निप्पॉनडेन्सो. आमच्यासारखेच गाड्यांचे सुटे भाग बनवणारे. पुसणं, वंगण, नट आवळणं ऑपरेटरकडे. मोठी दुरुस्ती मेंटेनन्सकडे. आमच्याकडे याचे तक्ते भिंतीवर आहेत. ऑपरेटरला कुणी शिकवलं?

१७ सप्टेंबर
मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनानंतर चहा. प्रेसवरचे मामा हळूच म्हणाले, "साहेब, पंपाचा आवाज बदललाय, आठ दिस झाले. सांगावं कुणाला? सांगितलं की आमच्याच अंगावर येतं."
दिवसभर तेच डोक्यात.

१९ सप्टेंबर
प्रॉडक्शनच्या साहेबांकडे गेलो. पीएमला रोज अर्धा तास मागितला. "मग डिस्पॅच कसा काढू?" खरंय त्यांचं. बोलताना तीन फोन आले, तिन्ही मालाचे. मग तेच म्हणाले, डाय बदलताना प्रेस चाळीस मिनिटं उभीच असते, तेव्हा करता का?
तेव्हाच आमचे फिटर वर्कशॉपमध्ये कॉलची वाट बघत असतात!
त्यांची अट: फिटरने डाय बसवायलाही हात लावायचा. माझी अट: डाय कधी बदलणार ते प्लॅनिंगने आदल्या संध्याकाळी कळवायचं.

२३ सप्टेंबर
पहिला दिवस. मेन स्विचला दोन कुलपं, एक त्यांच्या सेटरचं, एक आमच्या फिटरचं. दोन्ही निघाल्याशिवाय प्रेस चालू नाही. पंचावन्न मिनिटं लागली. साहेब काही बोलले नाहीत. झोप नाही.

२६ सप्टेंबर
बेचाळीस. फिल्टरही बदलला.

२९ सप्टेंबर
पाऊस. जायकवाडीतून पाणी सोडलंय. पैठणकडचे ऑपरेटर पोचले नाहीत. आमचे दोघे फिटर आपणहून लोडिंगला उभे राहिले.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. मशीन पुसता पुसता मामा थांबले. होजच्या टोकाशी फडकं तेलकट. हार बाजूला ठेवला. होज स्टोअरमध्ये होता, या खेपेला. बदलला, मग नारळ.

४ ऑक्टोबर
पहाटे सव्वाचार. मामांचा फोन. "साहेब, आवाज." निघतोय.