वारा आणि पोलाद

कान नदीच्या काठचे साक्री, ज्याच्या तालुक्याला इंग्रजी अंमलात दप्तरी पिंपळनेर म्हणत आणि जे १९०६ साली खानदेशाची वाटणी झाल्यावर पश्चिम खानदेशाकडे आले, पर्वतातील उद्योगनगरीच्या पदवीस अद्याप पोहोचलेले नाही. तरी सह्याद्रीच्या उत्तरेकडील रांगा आणि सुरतेकडे जाणारा पुरातन व्यापारी मार्ग ज्या मुलखात एकमेकांस भेटतात, आणि भामेरच्या दुर्गाने ज्या मार्गावर शतकानुशतके नजर ठेवली, तेथे लोखंडावाचून ना रयतेचे भागले, ना सरकारचे.

पेरणीपूर्वी गावाच्या वेशीबाहेर पाल ठोकणाऱ्या घिसाड्याचे काम जवळून पाहावे. भात्याच्या फुंकरीने फाळ लाल होतो, सांडशीतून ऐरणीवर येतो. पुरुष हातोडीने जागा दाखवितो आणि त्याची कारभारीण त्याच जागी घण घालते. मग फाळाचे केवळ टोक पाण्यात बुडवून, मागे उरलेल्या उष्णतेने धारेकडे सरकणारे रंग तो न्याहाळतो: फिकट पिवळ्यावर थांबले तर पोलाद कठीण पण ठिसूळ, निळ्यावर गेले तर चिवट पण मऊ; या दोहोंमधला योग्य क्षण ओळखणे हीच त्याची पिढीजात विद्या.

आज याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची उत्तुंग पोलादी रांग उभी आहे, शिवाजीनगरला २०१३ पासून महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, आणि भाडण्याचा पांझरा-कान सहकारी साखर कारखाना मात्र कित्येक वर्षे बंद पडून राहिला. जो वारा माणसाने भात्यात कोंडून विस्तवावर सोडला, तोच आता डोंगरमाथ्यावर आपल्या बळाने वीज निर्माण करतो, हे दृश्य भव्य आहे यात संशय नाही.

परंतु केवळ यंत्रे उभी राहिल्याने कोणताही मुलूख उद्योगसंपन्न होत नाही. ती घडविणारे, मोडल्यास दुरुस्त करणारे हात तेथे नांदावे लागतात. घिसाड्याच्या मुलांना, डोंगरातल्या भिल्ल आणि कोकणा तरुणांना, पात्याची आणि दातेरी चाकांची विद्या याच तालुक्यात शिकविली गेली, तरच त्या पठारावरचे पोलाद साक्रीचे होईल. एरवी ते साक्रीच्या जमिनीवर उभे असलेले परक्याचे वैभवच राहील.